मदत हवी आहे: शतावरीच्या मुळ्यांना बुरशी, चूर्णाचे गोळे, कल्प चिकट

माळरान: दहा गुंठे शतावरी, मध्यम जमीन, ठिबक. लागवडीला 20 महिने झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खणून मुळ्या धुतल्या आणि सालीसकट शेडनेटखाली ताडपत्रीवर वाळत घातल्या. आठ दिवसांत वरून कडक झाल्या, म्हणून पोत्यात भरल्या. आता मोडल्यावर आत चिकट गर दिसतो, काहींवर हिरवट बुरशी आहे. थोड्या चांगल्या मुळ्या दळल्या, तर डब्यात चूर्णाचे खडे झाले. त्याच चूर्णाचा कल्प, म्हणजे दुधात घालून घ्यायचं साखरेतलं रवाळ औषध, केला (100 ग्रॅम चूर्ण, 400 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम गूळ, पाकावरची मळी काढायला अर्धं लिंबू), तो रवाळ होतच नाही, चिक्कीसारखा ओढला जातो. बुरशीच्या मुळ्या हळदीच्या पाण्यात धुऊन पुन्हा उन्हात टाकल्या तर चालतील का?

खलबत्ता: नाही चालणार. बुरशी दिसते ती वरची, तिचे धागे गरात गेलेले असतात आणि तिने सोडलेलं विष धुण्याने, उन्हाने किंवा उकळण्याने भरवशाने जात नाही. त्या मुळ्या फेका. ज्या पोत्यात बुरशी सापडली त्यातल्या दिसायला चांगल्या मुळ्याही औषधाला वापरू नका. जीव हळहळतो, पण इलाज नाही.

कारण सालीत आहे. शतावरीच्या गरात बुळबुळीत चिक आणि साखर भरपूर, साल मात्र पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. मुळ्या धुतल्यावर उकळत्या पाण्यात 5 ते 10 मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका, साल बोटाने सरकते. मग सुरीने उभी चीर देऊन मधली शीर ओढून काढा. गरम असताना घाई केली तर शीर मध्येच तुटते, आणि पूर्ण गार होऊन सुकायला लागली की निघतच नाही. कोमट असतानाच हे काम उरकायचं.

वाळवण एका थरात, जाळीच्या रॅकवर, खालून वारा लागेल असं. ताडपत्रीवर खालची बाजू घामेजते. ड्रायर असेल तर 45 ते 50 अंश. 70 ला लावला तर वरचा थर पुन्हा कडक होऊन तेच दुखणं.

वाफसा: ऑक्टोबरमधली काढणी हीच पहिली चूक. परतीच्या पावसानंतर मुळ्या पाणी पिऊन टम्म असतात, हवाही दमट. शेंडे पिवळे पडल्यावर, डिसेंबर-जानेवारीत काढा. काढणीआधी पाणी तोडा, आणि खणण्याच्या आदल्या दिवशी फक्त माती भुसभुशीत होण्यापुरतं हलकं पाणी द्या, नाहीतर मुळ्या तुटून निम्मा माल जमिनीत राहतो. कोंब असलेला गड्डा दोन-तीन मुळ्यांसकट बाजूला ठेवला तर तोच पुढच्या लागवडीला येतो.

माळरान: वाळली की नाही हे ओळखायचं कसं? आणि शीर काढायला मजूर फार लागतात.

खलबत्ता: वाकवून बघा. कडकन मोडली तर वाळली, वाकली तर नाही. शंका असेल तर मूठभर तुकडे काचेच्या बरणीत घट्ट बंद करून दिवसभर उन्हात ठेवा. काचेला आतून दव दिसलं की माल परत रॅकवर. पक्कं मोजायचं तर बारीक केलेले 100 ग्रॅम 105 अंशांवर वजन थांबेपर्यंत तापवा, निदान 90 ग्रॅम उरले पाहिजेत.

वाफसा: शिरेबाबत माझं थोडं वेगळं मत आहे. नुसता काढा करायचा असेल तर शीर राहिली तरी चालते, गाळण्यात जाते. चूर्णाला मात्र काढायलाच हवी, नाहीतर दळताना धागे होतात आणि चाळणी तुंबते. चूर्ण हवेतलं पाणी ओढतं. तेव्हा मुळ्या अख्ख्या साठवा, लागेल तेवढ्याच कोरड्या हवेच्या दिवशी दळा, आणि गिरणीतून आलेलं गरम चूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका.

पाकपात्र: कल्पात तीन चुका. गूळ घातला, लिंबू पिळलं, आणि काढा न करता चूर्ण थेट घातलं. आंबटपणाने आणि जास्त उकळल्याने साखर फुटते, मग तिचे दाणे बांधले जात नाहीत. गुळात अशी फुटलेली साखर आधीच असते. मळी काढायला चमचाभर दूध पुरतं.

वाळल्या मुळ्यांची 100 ग्रॅम जाडसर भरड 800 मिली पाण्यात रात्रभर भिजवा, मंद आचेवर 200 मिली उरेपर्यंत आटवा, फडक्यातून पिळून गाळा. त्यात 500 ग्रॅम साखर विरघळवून स्टीलच्या जाड बुडाच्या कढईत पाक करा. थेंब गार पाण्यात टाकल्यावर घट्ट गोळी झाली की आच बंद, आणि लगेच घोटायला लागा. पाक आधी गढूळ होतो, मग कडेने पांढरा पडतो, मग एकदम रवा सुटतो. थांबलात तर ढेप होते. वेलची-केशर शेवटी.

माळरान: बिघडलेला कल्प सुधारेल का? आणि पुढे विकता येईल का?

पाकपात्र: हा फेकून द्या, चूर्ण त्याच पोत्यातल्या मुळ्यांचं आहे. एरवी चांगल्या मुळ्यांचा चिकट राहिला तर थोडं पाणी आणि 200 ग्रॅम नवी साखर घालून पुन्हा गोळीपर्यंत आणा, घोटताना चमचाभर पिठीसाखर टाका. गूळ-लिंबू जास्त पडलं असेल तर तोही रवाळ होत नाही, मग दुधात घोळून संपवायचा.

विक्रीला आयुर्वेदिक औषध म्हणून लेबल लावायचं तर उत्पादनाचा परवाना लागतो. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी करून देणं वेगळं. लेबलवर साखरेचं प्रमाण स्पष्ट लिहा, दोन चमच्यांत बहुतेक साखरच जाते, मधुमेह्यांना हा कल्प नको. गरोदरपणी किंवा स्तनाच्या गाठीचा इतिहास असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.