हवामान म्हणायचं ते आजचं की तीस वर्षांचं?

हस्तनक्षत्र: रब्बी ज्वारीची पेरणी नि हस्ताचा पाऊस या विषयावरच्या प्रबंधाचा मराठी सारांश लिहितेय, इथं सोलापुरातच. काम भूगोल, शेती आणि अर्थशास्त्र तिन्हींतलं. अडलेय ती दोन शब्दांवर. ‘क्लायमेट’ला हवामान म्हटलं तर ‘वेदर’ला काय? आणि ‘इंटरडिसिप्लिनरी’ म्हणजे आंतरविद्याशाखीय की बहुविद्याशाखीय?

माळरान: ताई, ‘हवामान’ खरं तर क्लायमेटच. पाऊसमान, जीवनमान यांतलं ‘मान’ बघा. एका सरीला कुणी पाऊसमान म्हणत नाही. जागतिक हवामान संघटनाही तीस वर्षांची सरासरी धरते. रोजची ती नुसती ‘हवा’: आज हवा ढगाळ आहे.

भीमाकाठ: फोड पटली, पण वापर कधीच पुढं गेलाय. हवामान विभाग उद्याचा पाऊस सांगतो. 2018 आणि 2019 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापुरावर विमानं उडवून मेघबीजनाचे, म्हणजे ढगांत कण फवारून पाऊस पाडायचे, प्रयोग केले, ते त्या-त्या दिवसाच्या ढगांवर. ‘जलवायू’ नकोच, हिंदी पत्रक वाटतं. राज्याच्या पर्यावरण खात्यानं 2020 मध्ये नावात ‘वातावरणीय बदल’ घेतलं. पण वातावरण काय, निवडणुकीतही बदलतं.

हस्तनक्षत्र: मग ‘हवामान बदल’ ठेवते आणि रोजच्यासाठी ‘हवा’. मंगळवेढ्याकडचे एक आजोबा मुलाखतीत म्हणाले, “हवा तीच हाय बाई, नक्षत्रं चुकायलीत.” अख्ख्या प्रकरणात मला एवढं नेमकं लिहिता आलेलं नाही.

माळरान: तेच शीर्षक द्या की!

भीमाकाठ: दुसऱ्या शब्दाचं सांगतो. ‘बहु’ म्हणजे एका ताटात भाजी, भाकरी, चटणी; ‘आंतर’ म्हणजे काला. तीन विषयांची तीन प्रकरणं शिवून दिली असतील तर प्रामाणिकपणे ‘बहु’ लिहा.

माळरान: काला कशाला? आपल्याकडं आंतरपीक आहे ना. ज्वारीत करडई. ओळी वेगळ्या, ओल एकच. गंमत म्हणजे 2016 च्या विद्यापीठ कायद्यात ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ ही स्वतंत्र चौथी विद्याशाखाच आहे. भिंत पाडायला गेले आणि खोली वाढवली!

भीमाकाठ: आणि ‘आं’चा काना विसरू नका. ‘अंतर’ शाखांमध्ये आहेच, ते वेगळं लिहायला नको.

हस्तनक्षत्र: काना दिला. आता ‘मेघबीजन’ ठेवू का? आजोबा त्याला ‘इमानाचा पाऊस’ म्हणतात.