मदत हवी आहे: इंटरनेट मानकाचा मसुदा देण्याआधी चालणारा कोड दाखवायलाच हवा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे दोघं आणि बडोद्याचा एक मित्र मिळून पाण्याच्या मीटरसाठी, म्हणजे बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या छोट्या उपकरणांसाठी, माहिती पाठवायचा एक प्रोटोकॉल लिहितोय. तो आयईटीएफकडे, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे, मसुदा म्हणून द्यायचा आहे. आता आमच्यातच जुंपली आहे: आधी मसुदा द्यायचा, की आधी चालवून दाखवायचं?

नियम मी वाचलेत. 'प्रपोज्ड स्टँडर्ड' या मानकाच्या पहिल्या पायरीवर साधारणपणे अंमलबजावणीची, म्हणजे मसुद्यावरून लिहिलेल्या चालत्या प्रोग्रामची, अट नाही. आयईटीएफचे दस्तऐवज आरएफसी या नावाने क्रमांक देऊन छापतात; त्यातल्या २०११ च्या आरएफसी ६४१० नुसार वरच्या 'इंटरनेट स्टँडर्ड'साठी मात्र किमान दोन स्वतंत्र आणि एकमेकांशी जुळणाऱ्या अंमलबजावण्या लागतात. पण तिथवर जायची घाई कुणालाच नसते. आयपीव्ही६ चं (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं) पहिलं स्पेसिफिकेशन १९९५ चं, वरची पायरी गाठली २०१७ मध्ये. जग तोवर थोडंच थांबतं? म्हणून मला मनापासून वाटतं की पुरावा सुरुवातीलाच मागावा. बीजीपीचं, म्हणजे मोठ्या नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवायच्या प्रोटोकॉलचं, काम बघणारा आयईटीएफचा आयडीआर गट तसा मागतोही.

याचं कारण आम्ही डोळ्यांनी बघितलं. मित्राने आमचा कोड न बघता, नुसता मसुदा वाचून दुसरा प्रोग्राम लिहिला. पहिलाच संदेश अडकला. 'लांबी' या रकान्यात हेडरचे (संदेशाच्या सुरुवातीच्या माहितीचे) चार बाइट धरायचे की नाही, हे वाक्यावरून दोन्ही तऱ्हांनी लागत होतं. आम्ही धरले, त्याने सोडले. हे वाचून कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आमच्यातल्या तिसऱ्याचं म्हणणं वेगळं, आणि तेही मला खोडता येत नाही. गूगलने क्विक हा वेबवर माहिती नेणारा प्रोटोकॉल आधी स्वतःच्या क्रोम ब्राउझरवर आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवून पाहिलं, मग तो आयईटीएफकडे आणला. त्याचा आरएफसी ९००० आला २०२१ मध्ये. दोन्ही टोकं ज्याच्या हातात, त्याला पुरावा सोपा. तीन माणसांनी काय करायचं? शिवाय कोड चालला म्हणजे उपयोग झाला असंही नाही. एचटीटीपी/२ या वेबच्या प्रोटोकॉलमधलं सर्व्हर पुश (ब्राउझरने मागण्याआधीच सर्व्हरने फाइल पाठवणं) २०१५ च्या मानकात आलं, चालतही होतं, तरी क्रोमने ते २०२२ मध्ये बंद केलं.

तर विचारायचं आहे:

कुणी आयईटीएफच्या वर्किंग ग्रुपमध्ये (एकेका विषयाच्या गटात) मसुदा नेलाय का? कोड नसताना लोक ऐकून घेतात का? आणि दुसरी अंमलबजावणी करणारा बाहेरचा माणूस कुठे शोधावा? मित्राची मोजली जाईल असं मला वाटत नाही, तो मसुद्याचा सहलेखक आहे.

---

प्रतिसाद:

दादा, मसुदा आत्ताच द्या, थांबू नका. त्यात 'इम्प्लिमेंटेशन स्टेटस' असा विभाग घाला. आरएफसी ७९४२ मध्ये त्याची रीत दिली आहे, आणि आरएफसी छापताना तो काढून टाकतात. मित्राचा प्रोग्राम त्यात बिनधास्त लिहा, फक्त तो सहलेखक आहे हे स्पष्ट सांगा. बाहेरचा माणूस मिळायची चांगली जागा म्हणजे आयईटीएफच्या बैठकीआधी शनिवार-रविवारी होणारी हॅकेथॉन, म्हणजे एकत्र बसून कोड लिहायचा मेळावा. घरी बसूनही भाग घेता येतो.

एक सांभाळा. दोन्ही प्रोग्रामांत एकच लायब्ररी नको. वेब एसक्यूएल, म्हणजे ब्राउझरमध्येच डेटाबेस ठेवायची सोय, छान चालत होती, पण सगळ्या ब्राउझरांच्या पोटात एसक्यूलाइट ही एकच डेटाबेस लायब्ररी. म्हणून डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, २०१० मध्ये ते काम सोडून दिलं.

त्या लांबीच्या रकान्याचं शेवटी काय ठरवलंत? मसुद्यात ते वाक्य एका उदाहरणासकट द्या, बाइट मांडून.