आयुष्यभरासाठी एकच हँडगन घ्यायची तर कुठली? (राजापूर साईड, बाग आहे)

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. पुण्याची नोकरी सोडून दीड वर्ष झालं, गावी आलोय, राजापूरच्या खाली खाडीकडे. हापूसची अडीचशे कलमं, थोडी काजू, घर वाडीपासून सुटं एकदम सड्यावर. घरात मी, बायको, आई-बाबा. पोलिस स्टेशन बावीस किलोमीटर, पावसात ते पन्नास वाटतात. मागच्या महिन्यात बागेतला पंप चोरीला गेला आणि तेव्हापासून बायको रात्री दोनदा उठून कडी बघते.

तर परवान्याचा अर्ज करायचं डोक्यात आहे. मला दहा हत्यारं नकोत, शौक नाही. एकच घ्यायची, चांगली घ्यायची आणि मरेपर्यंत वापरायची. रात्री घराला, बागेत डुक्कर आलं तर, साप निघाला तर, आणि वाशीहून आंब्याचे पैसे घेऊन येताना गाडीत, सगळ्याला चालेल अशी. युट्यूबवर बघावं तर सगळे ९ एमएम नायतर ग्लॉक (परदेशी पिस्तूल) घे म्हणतात, जसं काय राजापूरच्या आठवडी बाजारात कोणी टोपलीत घेऊन बसलंय. आपल्याकडे नक्की काय मिळतं, काय टिकतं? बाबांकडे जुनी सिंगल बॅरल बारा बोअर आहे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर, पण ती ट्रंकेत पडून असते.

चिरेबंदी

ते अमेरिकन व्हिडिओ आधी बंद कर. ९ एमएम आणि .३८ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), म्हणजे पोलिस-लष्कराचं, साध्या माणसाला नाही. साध्या माणसाचं हँडगन म्हणजे मुख्यतः .३२, नायतर .२२. त्यामुळे तुझी निवड तू समजतोयस त्याच्या दहा टक्केसुद्धा मोठी नाहीये आणि एका अर्थी बरंच आहे, डोकं कमी फिरतं.

.३२ मध्ये दोन घराणी. एक रिव्हॉल्वर, फिरत्या सिलेंडरात गोळ्या बसतात ते, .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं, ही गोळी १८९६ ची. दुसरं पिस्तूल, मुठीत मॅगझिन सरकवतात ते, त्याची .३२ एसीपी वेगळी, ती १८९९ ची, ब्राउनिंगवाली. दुकानात नुसतं 'बत्तीसची काडतुसं द्या' म्हणालास तर कुठली ते सांग, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत.

रिव्हॉल्वरमध्ये ऑर्डनन्सचं (सरकारी शस्त्र कारखाना) कानपूरचं जुनं मॉडेल, मधून मोडून उघडतं ते, मूळ ब्रिटिश वेब्लीच्या धर्तीचं, सहा गोळ्या. २०१४ ला निर्भीक आलं, टायटॅनियम अलॉयचं, अर्ध्या किलोच्या आसपास, बायकांसाठी म्हणून जाहिरात केलेली. २०२३ ला प्रबळ, त्याचं सिलेंडर बाजूला उघडतं. आणि वेब्लीच्या नावानं यूपीत हरदोईला बनतात ती. पिस्तुलात ऑर्डनन्सचं अशनी. परदेशी जुन्या वॉल्थर-ब्राउनिंगच्या मागे लागू नकोस, आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली त्यामुळे जे आहे ते तेव्हाचंच फिरतंय आणि भाव बघून तुला बाग विकावीशी वाटेल.

एकच म्हणालास म्हणून सांगतो, कायद्यानेसुद्धा आता दोनच. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन ठेवता यायची. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली.

वानरांचा_वैरी

साप मारायला रिव्हॉल्वर?? भावा, सर्पमित्राला फोन कर. चिऱ्याच्या भिंती आणि खाली फरशी, गोळी कुठून कुठे उडेल देवाला ठाऊक, आणि साप तोवर कौलावर. शिवाय बहुतेक सापांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे ते वेगळंच.

नाना_वेंगुर्ला

अरे झिला, कुठली घेऊ ह्या सगळे सांगतले, ती रवतली कशी ता कोण सांगणा नाय. मी सांगतंय. (पुढचा मराठीत लिहितो, नायतर पुण्याहून आलेल्याक कळाचा नाय.)

माझ्याकडे १९९८ पासून .३२ चं रिव्हॉल्वर आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या पावसात मी ते छान चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलं, कपडे ठेवतो तसं. गणपतीत काढलं तर नळीवर बाहेरून तांबूस रवा आलेला, होल्स्टर जिथे घट्ट बसत होतं बरोबर तिथेच. चामडं दमट हवा पितं आणि लोखंडाला लावून ठेवतं. पट्ट्यातली काडतुसंसुद्धा हिरवी झालेली, पितळेला चामड्यातलं आम्ल चढतं. घासून घासून साफ केलं, पण ते डाग अजून आहेत, सव्वीस वर्षांनी पण बोट फिरवलं की कळतात. तेव्हापासून होल्स्टर फक्त बाहेर नेताना. घरात सुती फडक्यात, स्टीलच्या कुलूपबंद पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या महिन्याने तव्यावर गरम करून परत. जून ते सप्टेंबर दर रविवारी काढून पुसायचं. मग हात लावल्यावरही पुसायचं, आपला घाम खाऱ्या हवेपेक्षा वाईट.

आणि खोबरेल लावू नका हो कोणी! आमच्या शेजारच्या काकांनी घरचंच आहे म्हणून बंदुकीला खोबरेल लावलं. पौषात थंडी पडली, खोबरेल थिजलं, घोडा अर्ध्यात चिकटून बसला. बंदुकीचं तेल घ्या, पातळ, आणि चार थेंब, चिकन तळल्यासारखं नाही.

मोडून उघडतं ते मॉडेल घेतलंस तर सिनेमात करतात तसं एका हाताने झटक्यात मिटवायचं नाही. दोन हातांनी, हळू. वरची खिटी सैल झाली की आयुष्यभर वगैरे विसर.

तेव्हा पिस्तूल की रिव्हॉल्वर विचारशील तर माझं मत रिव्हॉल्वर. पिस्तुलात मॅगझिन आलं, त्याची स्प्रिंग आली, बारीक फटी आल्या, सगळीकडे बाष्प जातं. आणि वीस वर्षांनी त्याचं मॅगझिन तुला कोण देणार?

अणुस्कुरा_घाट

नानांचं ऐकून बरं वाटलं, पण मी थोडा खडूस बोलणार आहे कारण सगळे हत्यारावर बोलतायत आणि कामावर कोणीच बोलत नाहीये.

मी महिन्यातून एकदा घाट चढून कोल्हापूरला रेंजवर जातो, सहा वर्षं झाली. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्वरने दहा मीटरवर बशीएवढ्या कागदावर सहाच्या सहा लावायला मला जवळपास दीड वर्ष लागलं, उजेडात, उभं राहून, कोणी अंगावर येत नसताना. घोडा न ओढता नुसता ट्रिगर दाबून मारायचं तर ओढ इतकी जड असते की नळी खाली जातेच. आणि तू म्हणतोस रात्री बॅटरीच्या उजेडात काजूत डुक्कर. नाही लागणार. किंवा लागेल, मागच्या पायात लागेल, आणि मग ते जखमी डुक्कर सकाळी तुझ्या आंबा काढणाऱ्या गड्याच्या समोर येईल. .३२ ची गोळी डुकरासाठी नाहीच. बरं डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी आधी, ती घेतली तरी त्या कामाला तुझ्या बाबांची ट्रंकेतली बंदूकच. शस्त्र कायद्यातच लिहिलंय की पीकसंरक्षणाला ठासणीची बंदूक, आणि ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची. हँडगनचं नावसुद्धा नाही तिथे.

म्हणजे डुक्कर गेलं, साप मगाशीच गेला. उरलं घर आणि वाशीची कॅश. कॅशचं सांगायचं तर आता निम्मे दलाल खात्यावर टाकतात, तू पण मागून घे, रिव्हॉल्वरपेक्षा स्वस्त पडेल. उरलं घर. घरासाठी हवी तर घे, खरंच घे, पण मग 'सगळ्याला चालणारी' हे डोक्यातून काढ आणि अर्जात जीविताचा धोका काय ते नीट लिही, पंप चोरीची तक्रार दिली असशील तर तिची प्रत जोड. दिली नसशील तर आता अर्जात काय जोडणार?

आणि एक, काडतुसांचा आकडा परवान्यावर असतो, खरेदी त्यावर चढते. सरावाला किती उडवणार याचा हिशोब आधी कर. लोक लाखाच्या वर पैसे घालून हत्यार घेतात आणि दहा वर्षांत बारा गोळ्या उडवतात. मग त्याला हत्यार म्हणायचं की पेपरवेट?

सड्यावरचा

तक्रार दिली नव्हती :( पंप जुना होता म्हणून सोडून दिलं. उद्या जातो.

अणुस्कुरा, बोललात ते लागलं पण पटलं. डुकराचा विचार मी खरंच व्हिडिओ बघून केलेला. मग बाबांच्या बंदुकीचं काय करू? बाबा एकाहत्तरचे, परवाना १९९३ चा, त्यांना आता डोळ्याने रात्रीचं दिसत नाही. मी समजत होतो की ते गेल्यावरच माझ्या नावावर होईल, म्हणून तो विषय घरात काढतच नाही, बरं दिसत नाही.

चिरेबंदी

अरे थांब थांब, हे आधी सांगायचंस. वडील गेल्यावरच असं काही नाही. २०१६ च्या नियमात स्पष्ट आहे, परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. तुझे बाबा दोन्हीत बसतात, पंचवीस तर २०१८ लाच भरली. त्यांनी लिहून द्यायचं, तू तुझा अर्ज करायचा, एकवीस पूर्ण पाहिजे ते आहेच, पोलिस चौकशी होणार, हत्यार सुरक्षित वापरण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं लागतं. आपल्याकडे पोलिस आयुक्तालय नाही म्हणून अर्ज कलेक्टर ऑफिसला. बाबांशी बोल, म्हातारी माणसं उलट खूश होतात.

सुपारी_कात्री

कोणी इलेक्शनचं सांगितलंच नाही का याला? हत्यार आयुष्यभर तुझं, पण आयुष्यातला बराच काळ ते पोलिस स्टेशनच्या कपाटात असतं. २०२४ ला १६ मार्चला आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत, म्हणजे आंबा-काजूचा अख्खा सीझन. आमच्या वाडीतल्या चार बंदुका जमा आणि माकडांना ते बहुतेक व्हॉट्सॲपवर कळलं असावं. मग नोव्हेंबरला विधानसभा, परत. कोणाचं जमा करायचं ते ठरवायला कमिटी असते, पीकसंरक्षणवाल्यांनी सूट मागायचा अर्ज करता येतो, पण तो नोटीस आल्या आल्या कर, बार उडायची वाट बघू नकोस. आणि जमा करताना पावतीवर नंबर, बोअर, स्थिती सगळं लिहून घे आणि फोटो काढ. माझ्या चुलत्यांची दुनळी चकचकीत गेली आणि पावसाळ्यात परत आली तेव्हा आतून गेरू लावल्यासारखी. कुठलं स्टेशन ते सांगत नाही.

नाना_वेंगुर्ला

जमा करताना नळीत आतून तेलाचं फडकं फिरवून द्यायचं आणि बाहेरून ग्रीसचा हात. काढून घेतल्यावर आधी ते ग्रीस पूर्ण पुसायचं, नळीतून उजेडाकडे बघायचं, मगच काडतूस. मातीची माशी नळीत घर करते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सड्यावरचा

अपडेट. तक्रार दिली, पोच मिळाली, हवालदारांनी विचारलं दीड महिना काय करत होतात, मी गप्प.

बाबांशी बोललो. मी तासभर प्रस्तावना करत होतो आणि ते म्हणाले, एवढंच ना, मी पाच वर्षं वाट बघतोय तू कधी विचारतोस. लगेच ट्रंक उघडायला लावली. आजीच्या नऊवारीत गुंडाळलेली निघाली, लाकूड छान आहे पण नळीवर बाहेरून ठिपके ठिपके, आणि खाली चामड्याच्या पट्ट्यात अकरा काडतुसं, बुडं हिरवीगार. नाना, तुम्ही सांगितलं तसंच.

रिव्हॉल्वर सध्या बाजूला ठेवलंय. आधी ही नावावर होऊ दे, कोल्हापूरला दोन-चार चकरा मारतो, मग हात काय म्हणतो ते बघून .३२ चा अर्ज. बायकोने तोवर दोन कुत्रे आणि गेटवर दिवा मंजूर केलाय. त्या हिरव्या काडतुसांचं काय करू? उडवून संपवू का?

नाना_वेंगुर्ला

नाय! अजिबात उडवू नको. परवान्यावर चढलेली आहेत तेव्हा फेकायची पण नाहीत, समुद्रात तर नाहीच नाही. बाबांना आणि परवाना घेऊन पोलिस स्टेशनला जा, नायतर परवानाधारक शस्त्र दुकानात, तिथे जमा करून नोंद करून घे. आणि तो पट्टा आजच ट्रंकेतून बाहेर काढ.

वानरांचा_वैरी

आणि नऊवारी धुऊन आजीच्या फोटोजवळ ठेव, तिच्यामुळे लाकूड वाचलं.