टाइम डायमेन्शन एकच ठेवायचं की वर्ष वेगळं न् महिना वेगळा?

आमसूल_डेटा, रत्नागिरी
मालकांचा धंदा हापूसच्या पेट्या, काजूगर आणि हायवेवरच्या दुकानात आंबापोळी, कोकम सरबत वगैरे. त्यांच्यासाठी क्यूब बांधतोय, म्हणजे विक्रीचे आकडे तारीख, माल अशा वेगवेगळ्या बाजूंनी बघायची रचना; अशी प्रत्येक बाजू म्हणजे एक डायमेन्शन. माझं मत, वर्ष एक डायमेन्शन आणि महिना दुसरं. कारण ते विचारणार काय तर गेल्या एप्रिलला पेट्या किती गेल्या न् यंदा किती, मग वर्षं आडवी टाकली महिने उभे टाकले की झालं, फॉर्म्युला नको काही नको. उगाच वर्ष-तिमाही-महिना उतरंड कशाला रचत बसायची?

खाडीपल्याड
आणि 'गेले बारा महिने' मागितले की? जानेवारीच्या आधीचा डिसेंबर मागच्या वर्षात, म्हणजे एक महिना मागे जायला दोन्ही डायमेन्शनमध्ये उडी. उद्या दिवसापर्यंत उतरलास तर २९ फेब्रुवारीचा खाना चारातली तीन वर्षं रिकामा. मी दिवसाला एक ओळ असं एकच टेबल करतो, दहा वर्षांच्या साडेतीन हजारांवर थोड्या ओळी, त्यात काय जड आहे? गेल्या वर्षाशी तुलनेला एमडीएक्समध्ये (क्यूबला प्रश्न विचारायची भाषा) पॅरललपिरियड आहेच की, आदल्या वर्षाचा तोच काळ काढून देणारं फंक्शन.

आमसूल_डेटा
ते फंक्शन मालकांच्या पिव्होटमध्ये (कॉलम ओढून रिपोर्ट करायचा तक्ता) कोण लिहिणार, तू येणारेस?

खाडीपल्याड
मेझर (मोजायचा तयार आकडा) म्हणून क्यूबमध्येच करून ठेव ना, त्यांनी नुसतं ओढायचं.

हापूसवाला_देवगड
मेल्यांनो, वर्ष खयचा धरलास ता आदी सांगा! आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि हापूस साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे एकाच सीझनचे दोन तुकडे. मोहोर उशिरा धरला न् माल एप्रिलात गेला की रिपोर्टात आदलं वर्ष बुडालेलं दिसतं आणि पुढचं उगाच फुगतं, बागेत मात्र पीक तेवढंच. आमच्याकडे यावरून दोन दिवस भांडण झालंय. हंगाम ही वेगळी हायरार्की (उतरंड) पाहिजे, आर्थिक वर्ष हवं तर शेजारी ठेवा.
दुकानाचं तर आणखी वेगळं. चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. चाकरमानी येतात तेव्हाच विक्री, मग सप्टेंबरला सप्टेंबर लावून कळणार काय, कपाळ? 'गणपतीला किती दिवस' असा कॉलम घाला, उणे १० पासून.

खाडीपल्याड
हेच तर म्हणतोय, हे सगळं तारखेच्या टेबलातच बसतं. वर्ष-महिना फोडलेस तर हंगाम टांगणार कुठे?

आमसूल_डेटा
हंगामाचं पटलं. पण असे पंचवीस कॉलम झाले तर मालक नक्की चुकीचा ओढणार न् फोन मला. अर्धे लपवून ठेवीन. आणि दुकानाच्या बिलाची वेळ?

खाडीपल्याड
वेळेचं डायमेन्शन वेगळंच, १४४० मिनिटांचं. तारखेत घुसवलीस तर वर्षाला सव्वापाच लाख ओळी. आणि काजूगराचा शिल्लक साठा महिन्यांवर बेरीज करू नकोस, शेवटच्या तारखेचा घे, मी एकदा बाराही महिन्यांचा साठा जोडून दाखवला होता, गोदामात मावला नसता एवढा.

आमसूल_डेटा
😂 मालकांना आता आठवडापण हवाय. महिन्याखाली घालू?

हापूसवाला_देवगड
नको रे! आठवडा दोन महिन्यांत पाय ठेवून असतो. वेगळी हायरार्की कर, आयएसओवाला (आंतरराष्ट्रीय मानकाचा) घेतलास तर त्याचा गुरुवार ज्या वर्षात पडतो ते त्याचं वर्ष.