एका आठवड्यात बेसबॉलची किती स्टेडियमं होतील? सोबत बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा

एडिसनचा_पक्या
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. पोराला बेसबॉलचं भयंकर वेड लागलंय, खोलीच्या भिंतीवर तीसही टीमचा नकाशा लावलाय आणि तीसच्या तीस स्टेडियमं बघणार असं त्याने परस्पर जाहीर करून टाकलंय. यँकी स्टेडियम आणि सिटी फील्ड झालीयेत, ती काय घरचीच. यंदा माझे बाबा साताऱ्याहून आलेत, वय ७१, गुडघे कुरकुरतात पण हिंडायची हौस दांडगी, क्रिकेट म्हणजे जीव की प्राण, तरुणपणी क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग करायचे. बेसबॉलबद्दल त्यांचं मत 'नुसतं दांडकं फिरवायचं, त्यात काय बघायचं' असं आहे, तरी नातवासाठी तयार झालेत.

बेत असा की ११ ते १९ जुलै सुट्टी टाकायची आणि गाडीने बोस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग आणि जमलं तर टोरांटोपण उरकायचं. जमेल का? तिकिटं आधी काढावी की आयत्या वेळी? बाबा आणि मी शाकाहारी, तिथे फ्रेंच फ्राइजशिवाय काही मिळतं का? आणि बाबा चार तास एका खुर्चीत बसतील का, ही खरी धाकधूक.

वाकडेवाडी_बोस्टन
पक्याभाऊ, आधी तारखा बदला, बाकी सगळं नंतर. २०२६ चा ऑलस्टार गेम (सगळ्या टीममधल्या निवडक खेळाडूंची वर्षातली खास मॅच) १४ जुलैला आहे आणि तो नेमका फिलाडेल्फियात आहे, म्हणजे १३ ते १५ जुलै लीगची एकही मॅच नाही आणि फिलीत हॉटेलं विचारूच नका. वर १९ तारखेला तुमच्याच न्यू जर्सीत मेटलाइफ स्टेडियमला फुटबॉल वर्ल्डकपची फायनल. त्या आठवड्यात तुम्ही बाहेर जाणार, परत येणार, पार्किंग शोधणार, कशाला तो ताप. ऑगस्टमध्ये काढा, तुमच्याकडे शाळा लेबर डेनंतरच सुरू होतात ना.

दुसरं म्हणजे नकाशा समोर ठेवून प्लॅन करू नका, शेड्यूल समोर ठेवून करा. नवीन माणूस इथेच फसतो. प्रत्येक टीमच्या १६२ मॅचेस, त्यातल्या ८१ घरी, पण त्या एकआड एक नसतात, टीम आठ-दहा दिवस घरी असते आणि मग तेवढेच दिवस दौऱ्यावर. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन गाडीने तासाभरावर, पण बऱ्याचदा एक टीम घरी तेव्हा दुसरी बाहेर. तेव्हा तुम्हाला सगळ्यात हवं असलेलं एक स्टेडियम ठरवा, तिथल्या टीमचा होमस्टँड, म्हणजे घरच्या मॅचेसचे सलग दिवस, बघा आणि त्याच्या आजूबाजूला जे बसेल ते घ्या. बुधवार-गुरुवारच्या दुपारच्या मॅचेस हेरून ठेवा, टीमला पुढच्या गावी जायचं असतं म्हणून त्या लवकर असतात, तुम्हालाही संध्याकाळी पुढचं गाव गाठता येतं. रात्री दहाला मॅच संपल्यावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन पाच तास गाडी हाणायची नाही, एवढं ऐका.

टोरांटो: बाबांना भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागणारच. तुम्ही एच-१बीवर असाल तर तुम्हालाही, ग्रीन कार्ड असेल तर नाही. यंदा सोडून द्या.

आता आमच्या गावाबद्दल. फेनवे पार्क १९१२ चं आहे, लीगमधलं सगळ्यात जुनं, आणि ते जुनं असल्याचं पाठीला आणि गुडघ्याला लगेच कळतं. ग्रँडस्टँडमधल्या लाकडी खुर्च्या अरुंद, गुडघे समोरच्या खुर्चीला टेकतात, आणि छताला आधार देणारे खांब मध्येमध्ये उभे आहेत. तिकिटावर 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर ते खरं माना, स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका, नाहीतर बाबा अख्खी मॅच खांब बघतील. पण पोराला लेफ्ट फील्डची (बॅटरकडून बघताना डावीकडच्या टोकाची) ती हिरवी भिंत दाखवाच, ग्रीन मॉन्स्टर, ३७ फूट उंच. तेवढी उंच का, तर त्या बाजूला रस्ता आडवा आल्यामुळे मैदान तोकडं आहे, जेमतेम ३१० फूट. दुसऱ्या मैदानावर आरामात कॅच झाला असता असा बॉल इथे भिंतीला लागून डबल होतो, म्हणजे बॅटर सेकंड बेसपर्यंत पोचतो, आणि तिकडे भिंतीपलीकडे जाऊन होमरन झाला असता असा सरळसोट फटका भिंतीवर आपटून खाली पडतो. भिंतीच्या पायथ्याशी हाताने आकडे बदलायचा स्कोअरबोर्ड आहे, त्याच्या पांढऱ्या उभ्या रेघांमध्ये जुन्या मालक-मालकिणीची आद्याक्षरं मोर्स कोडमध्ये रंगवलीयेत, पोराला शोधायला लावा. राइट फील्डच्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे, १९४६ मध्ये इथल्या रेड सॉक्स टीमच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होमरन तिथे पडला होता. मॅचचं तिकीट महाग वाटलं तर दिवसा स्टेडियम टूर असते, ती घ्या.

बोस्टनला गाडी आणू नका. न्यूयॉर्कहून रेल्वेने चारेक तास लागतात, पुढे ग्रीन लाइनने केनमोर. पार्किंगच्या पैशात दोघांचं जेवण होतं.

रानवारा
पिट्सबर्ग यादीतून काढू नका हो, बाकी काहीही काढा. नाहीतरी न्यू जर्सीतली अर्धी मंडळी बालाजीच्या दर्शनाला पिट्सबर्गला जातातच, पेन हिल्सचं ते देऊळ सत्तरच्या दशकातलं. सकाळी दर्शन, तिथल्याच कँटीनमध्ये प्रसादाचं जेवण, संध्याकाळी मॅच. बाबांचा मुद्दा निकालात.

पीएनसी पार्क, तिथल्या पायरेट्स टीमचं मैदान, २००१ चं, मोठं नाही पण नदीकाठी असं बसवलंय की होमप्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे वरच्या मजल्यावर बसलात तर समोर अ‍ॅलेगेनी नदी, पिवळा पूल आणि पलीकडे सगळं डाउनटाउन. आणि तिथलं वरचं तिकीट बोस्टनच्या मानाने फारच स्वस्त असतं कारण पायरेट्स हरतात (पायरेट्सवाले कोणी असाल तर राग मानू नका, तुम्हालाही माहितीये). तो पिवळा पूल म्हणजे रॉबर्टो क्लेमेंटे ब्रिज, मॅचच्या दिवशी गाड्यांना बंद, सगळे मधून चालत जातात. गाडी डाउनटाउनला लावा आणि पुलावरून जा. बाबांना चालवणार नसेल तर डाउनटाउन ते नॉर्थ साइड ट्राम फुकट आहे.

क्लेमेंटेबद्दल पोराला माहीत असेलच पण बाबांना सांगा. पोर्टो रिकोचा माणूस, पायरेट्सचा खेळाडू, कारकिर्दीत बरोब्बर ३००० हिट्स (हिट म्हणजे बॉल मारून बेस गाठणं), आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळून गेला. त्याच्या जर्सीचा नंबर २१, म्हणून राइट फील्डची भिंत २१ फूट ठेवलीये. हे एकदा कळलं की ती नुसती भिंत राहत नाही.

आणि हो, २००८ मध्ये भारतातल्या एका बॉल फेकायच्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला याच पायरेट्सनी करारबद्ध केलं होतं. दोघंही भालाफेकवाले, त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत पण अमेरिकेत प्रोफेशनल बेसबॉलचा करार मिळवणारे पहिले भारतीय तेच.

गल्लीक्रिकेट
एवढा आटापिटा करून आठ राज्यं फिरायची आणि बघायचं काय, तर बॉलला बॅट लागली की सगळे खूश. स्टेडियमंच बघायची तर मी २०१५ ला सिटी फील्डला गेलो होतो, सचिन आणि वॉर्नच्या टीमची मॅच, बेसबॉलच्या मैदानात मध्येच पिच आणून बसवलेलं, बाउंड्री एकीकडे हातभर आणि एकीकडे कोसभर. न्यूयॉर्क, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, तिन्ही बेसबॉलची मैदानं आणि तिन्ही मॅचेस वॉर्नने जिंकल्या, ते एक सोडा.

शिकागोचा_नाना
गल्लीक्रिकेट, तू नेहमीसारखा आलास, बरं वाटलं.

पक्या, मी वेगळंच सांगतो. गाडीने पाच गावं करण्यापेक्षा विमानाने शिकागोला ये, एका गावात दोन स्टेडियमं आणि दोन्ही एकाच रेड लाइनवर. उत्तरेला अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलं की रिग्ली फील्ड, दक्षिणेला सॉक्स-थर्टीफिफ्थला व्हाइट सॉक्सचं. मधला दिवस मिलवॉकीला रेल्वेने दीड तासात, तिथे सहाव्या इनिंगला सॉसेजच्या वेषातली माणसं शर्यत लावतात, पोरं खिदळतात. जेवायला डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यू, आपल्या लोकांच्या हॉटेलांचा रस्ता, आहेच.

रिग्ली १९१४ चं. आउटफील्डच्या विटांच्या भिंतीवर वेली चढवल्यात, १९३७ पासून. बॉल वेलीत अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो आणि ग्राउंड रूल डबल देतात, म्हणजे खेळ थांबवून बॅटरला सेकंड बेस. पण हात घालून शोधायला गेला तर खेळ चालू धरतात, आणि बॅटर पळत सुटतो. ८ ऑगस्ट १९८८ पर्यंत तिथे दिवेच नव्हते, सगळ्या मॅचेस उन्हात, आणि दिव्यातली पहिली मॅच पावसाने धुऊन नेली, दुसऱ्या दिवशी झाली. अजूनही दुपारच्या मॅचेस भरपूर असतात, कामाच्या दिवशी दीड वाजता चाळीस हजार माणूस बिनदिक्कत बसलेला असतो, हे लोक नोकऱ्या कधी करतात हे मला अजून कळलेलं नाही. पाहुण्या टीमचा होमरन ब्लीचर्समध्ये (आउटफील्डमागच्या उघड्या बाकांवर) कोणाच्या हातात आला तर तो परत मैदानात फेकायचा, पोराला आधी सांगून ठेव नाहीतर शेजारचे ओरडतील.

मेधा_मेरीलँड
शिकागो छानच आहे पण त्यांचा प्रश्न पूर्वेचा आहे नाना 😀

पक्यादादा, बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स नक्की करा, आणि घाईत नको, दुपारीच पोचा. १९९२ ला हे झालं आणि त्यानंतर देशभर सगळ्यांनी विटांची, जुन्या वळणाची, शहराच्या मधोमध स्टेडियमं बांधायला सुरुवात केली, तुम्ही जी पीएनसीबिएनसी बघाल ती याचीच लेकरं. राइट फील्डमागे रेल्वेचं लांबलचक जुनं गोदाम तसंच ठेवलंय, आणि गोदाम आणि मैदानाच्या मधल्या युटॉ स्ट्रीटवर जिथे जिथे होमरन पडला तिथे जमिनीत पितळी खुणा बसवल्यात. खुद्द गोदामाला थेट बॉल लागलाय तो एकदाच, १९९३ च्या होमरन डर्बीत (नुसते होमरन मारायच्या स्पर्धेत) केन ग्रिफी ज्युनियरचा, मॅचमध्ये कधीच नाही. जुन्या काळचा महान खेळाडू बेब रूथ, त्याचं जन्मघर चालत जाण्याइतकं जवळ आहे, आता म्युझियम आहे, आणि त्याच्या वडलांचा दारूचा गुत्ता म्हणे आत्ताच्या सेंटर फील्डच्या जागी होता.

खाण्याचं सांगते. कॅम्डन यार्ड्सला आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कला बाहेरचं खाणं आत नेता येतं, सीलबंद पाणीही. आम्ही दशम्या, चटणी आणि भाजलेले शेंगदाणे नेतो, शेंगदाणे तर आत सगळेच खातात, टरफलं पायाशी टाकायची, इथे कोणी रागावत नाही. बॅकपॅकचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा, क्लबच्या साइटवर आदल्या दिवशी बघा, सासूबाईंची औषधांची पिशवी एका ठिकाणी गेटवर अडवली होती आणि पुन्हा पार्किंगपर्यंत जाऊन आलो.

जागा: बहुतेक मैदानांवर थर्ड बेसच्या बाजूला सावली आधी येते, फर्स्ट बेस आणि राइट फील्डवाल्यांच्या डोळ्यात ऊन. ऑगस्टमध्ये हे महत्त्वाचं आहे. पुढच्या रांगांपेक्षा वरच्या मजल्याची सावलीतली, बाकाच्या कडेची जागा बाबांना बरी, उठता-बसता कोणाला ओलांडायला नको. तिकीट मोठ्या टीमविरुद्ध असेल तर आधी काढा, यँकीज नाहीतर रेड सॉक्स बाल्टिमोरला आले की त्यांचीच गर्दी जास्त असते. मंगळवार-बुधवारची साधी मॅच असेल तर सकाळी फोनवर बघून काढली तरी चालतं. तिकीट फोनवरच असतं, तेव्हा पॉवरबँक ठेवा.

चार तासांचं म्हणाल तर ते आता राहिलं नाही, २०२३ ला पिच क्लॉक (पिचरने ठरावीक सेकंदांत बॉल टाकायचा नियम) आलं आणि मॅच सरासरी पावणेतीन तासांच्याही आत संपायला लागली.

आणि बाबांना कंटाळा येईल ही काळजी सोडा. ते स्कोअरर होते म्हणालात ना? आत गेल्या गेल्या स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेऊन द्या. मैदानावरच्या जागांना नंबर असतात, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) ६, मग डावीकडून आउटफील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंडला आणि तिथून फर्स्टला दिला, दोन आउट, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) म्हणजे इंग्रजी के, आणि बॅटर नुसता बघत राहून आउट झाला तर तोच के उलटा. माझे काका, रणजीच्या मॅचेस वहीत उतरवणारे, पहिल्या दोन इनिंग पुटपुटत होते, नंतर त्यांनी शेजारच्या गोऱ्या आजोबांशी एरर (फील्डरची चूक) द्यायचा की हिट यावर वाद घातला, इंग्रजी-मराठी दोन्हीत.

गल्लीक्रिकेट
उलटा के भारी आहे, हे मान्य.

एडिसनचा_पक्या
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मेधाताई, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला तर लगेच म्हणाले की 'वाइड आणि बायचं काय करतात?', म्हणजे मासा गळाला लागला. ऑलस्टारचं पोराला माहीत होतं, मला कोणी विचारलंच नाही असं त्याचं म्हणणं.

आता असं ठरतंय की ऑगस्टमध्ये जायचं, पिट्सबर्ग पक्कं, दर्शन आणि मॅच. तिथून खाली बाल्टिमोर, आणि नॅशनल्स घरी असतील तर वॉशिंग्टन. फिली तर इथून दीड तासावर, ते कुठल्याही शनिवारी होईल. बोस्टन वेगळं, रेल्वेने, लाँग वीकेंडला. टोरांटो कटाप. नाना, शिकागो पुढच्या वर्षी, तुमच्याकडेच उतरू 😀

एकच राहिलं, पावसाने मॅच गेली तर पैसे परत मिळतात का?

वाकडेवाडी_बोस्टन
परत सहसा नाही, पुन्हा ठरलेल्या तारखेला तेच तिकीट चालतं. तुम्ही तोवर घरी पोचलेले असणार, म्हणून बाहेरगावच्या मॅचला मुक्काम शक्यतो दोन रात्रींचा ठेवा, सिरीज तीन दिवसांची असते, दुसऱ्या दिवशीचं मिळून जातं. पाच इनिंग झाल्यावर थांबली तर मात्र मॅच झाली असंच धरतात. आणि पाऊस आला म्हणून लगेच उठू नका, ते दोन-दोन तास थांबून परत सुरू करतात.

मेधा_मेरीलँड
वाइडचं उत्तर: चार बॉल बाहेर गेले की बॅटर चालत फर्स्ट बेसला, कार्डावर बीबी, म्हणजे बेस ऑन बॉल्स. बाय वगैरे नाही, पण कॅचरच्या हातून निसटला तर पास्ड बॉल, आणि पिचरनेच वेडावाकडा टाकला असेल तर वाइल्ड पिच. कोणाची चूक हे स्कोअररने ठरवायचं. बाबांना सांगा, भांडायला पुष्कळ वाव आहे.