मदत हवी आहे: सात जणांसाठी मिनीव्हॅन घ्यायची आहे, टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय बघू?

उंबरठा:

मंडळी, जरा मदत हवी आहे.

घरात आम्ही सात जण. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, अजून चाइल्ड सीटमध्ये बसणारा मुलगा, सासू-सासरे आणि माझी आई. सगळ्यांनी मिळून कुठे जायचं म्हटलं की एकतर दोन गाड्या काढायच्या, नाहीतर कोणीतरी 'तुम्ही जा, मी थांबते घरी' म्हणायचं. असं म्हणणारी व्यक्ती दर वेळी एकच असते. म्हणून आता मिनीव्हॅन घ्यायचीच असं ठरलंय.

कुठलं मॉडेल घेऊ असं विचारत नाहीये. ते देशागणिक बदलतं आणि त्यावरून इथे पुष्कळ मारामाऱ्या आधीच झाल्या आहेत. मला पारखायचं कसं ते हवंय. रिव्ह्यू वाचून डोकं उठलं. लिहिणारे सगळे ड्रायव्हरच्या सीटवरून लिहितात. शून्य ते शंभर किती सेकंदांत, स्क्रीन किती इंची, स्पीकर किती. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाने गुडघे कुठे ठेवायचे, हे कोणी सांगेल तर शपथ.

एक टेस्ट ड्राइव्ह झाली. गाडीत आम्ही दोघं आणि शोरूमचा मुलगा. गाडी मस्त चालली. रिकामी गाडी कुठलीही मस्तच चालते, त्यामुळे त्यातून हाती काही लागलं नाही.

अडलंय ते असं. हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) घ्यावी की मोठ्या इंजिनाची? टोयोटा सिएना 2021 च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड येते, 2.5 लिटर, एकूण 245 हॉर्सपॉवर. अमेरिकेतल्या होंडा ओडिसीला 3.5 लिटरचं व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं इंजिन), 280 हॉर्सपॉवर. हे आकडे मला पाठ झालेत, पण सात माणसं आणि सामान भरून चढावर त्यांचा अर्थ काय, ते कळत नाही. दुसरं म्हणजे मधल्या रांगेत सुट्या कॅप्टन सीट घ्याव्यात की सलग बाक? आणि तिसरं, आईचे गुडघे. ती गाडीत पाठ करून आधी सीटवर टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. सरकत्या दारातून हे जमतं का?

जरा बारकाईने सांगाल तर बरं होईल. 'त्यापेक्षा एसयूव्ही घ्या' हे घरातल्यांकडून ऐकून झालंय.

ग्रीसबोट:

सर्वात आधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचं स्टिकर वाचा. गाडीत माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती किलो चालेल, हे बऱ्याच गाड्यांवर तिथेच छापलेलं असतं. नसेल तर कागदपत्रांतलं कमाल एकूण वजन घ्या आणि त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. मात्र काही देशांत रिकाम्या गाडीच्या वजनातच 75 किलोंचा ड्रायव्हर धरलेला असतो, तेवढं तपासा.

तुमचाच हिशेब मांडू. पाच मोठी माणसं सरासरी 68 किलोंची धरली तर 340. दोन मुलं आणि चाइल्ड सीट मिळून 45. माणशी 15 किलोंची बॅग, म्हणजे 105. झाले 490. पाणी, बाबागाडी आणि आयत्या वेळी कोंबलेल्या पिशव्या अजून यायच्याच आहेत. गाडीची मर्यादा 600 असेल तर निवांत, 520 असेल तर सात सीट या नुसत्या शोभेच्या. गंमत अशी की एकाच मॉडेलचा वरचा प्रकार घेतला की ही मर्यादा बहुतेक वेळा कमी होते. काचेचं छत, मोटरवर हलणाऱ्या सीट, मागचे स्क्रीन या सगळ्याचं वजन त्यातूनच वजा होतं. टपावर पेटी बसवलीत तर तिचं स्वतःचं वजनही धरायचं, शिवाय टपाची मर्यादा वेगळी असते.

टायरमधल्या हवेचा आकडाही तिथेच आसपास असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा दिलेला असेल तर लांब निघताना तो पाळा.

मागची खिडकी:

मी घरातली सर्वात लहान, त्यामुळे तिसऱ्या रांगेत आयुष्य गेलंय. अधिकाराने बोलते.

तिसऱ्या रांगेत दोन मिनिटं बसून काही कळत नाही. गाडी चालू असताना निदान वीस मिनिटं बसा, पायात नेहमीचे बूट-चपला घालून. गुडघे आणि पुढची रांग यांच्यात किती जागा उरली हे सगळेच बघतात, पण खरी गोम जमीन आणि गादी यांच्यातल्या उंचीत असते. ती कमी असली की गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार कमरेवर. मांडीखाली हात घालून बघा. हात सहज आत गेला तर त्या जागी मोठ्या माणसाला तासाभरावर बसवू नका. सिएना, किआ कार्निव्हल, ओडिसी यांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तीन मीटर किंवा थोडा जास्तच आहे, त्यामुळे तिथे जागा सापडते. लांबीने आखूड गाडीत तिसरी रांग मुलांचीच.

गाडी लागणारं कोणी असेल तर त्याला मागे अजिबात नको. ती रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे येते, प्रत्येक उंचवट्याला माणूस वर-खाली होतो. त्यात खिडकीची कड उंच असली की बाहेरचं दिसत नाही आणि पोट ढवळायला लागतं. एसीची जाळी छताला आहे का, आणि मागच्यांना पंखा स्वतः कमी-जास्त करता येतो का, तेही बघा. नाहीतर पुढचे कुडकुडतात आणि मागचे घामाघूम.

आणखी एक, हे थोडं गंभीर आहे. पडदा-एअरबॅग (धडकेत खिडक्यांवर पडद्यासारखी उघडते ती) तिसऱ्या रांगेपर्यंत येते का ते विचारा. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 2022 च्या अखेरीस एक सुधारित टक्कर-चाचणी आणली. तीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर लहान चणीच्या बाईएवढा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवतात. 2023 मध्ये चार मिनीव्हॅन त्या चाचणीतून गेल्या आणि एकीलाही 'चांगली' हा शेरा मिळाला नाही. पुढच्या सीटबेल्टला धक्क्याच्या क्षणी घट्ट होण्याची आणि मग थोडं सैल सोडण्याची सोय असते. तीच सोय मागच्या बेल्टना आहे का, हा प्रश्न शोरूममध्ये जरूर विचारा. उत्तर येईपर्यंत वेळ लागेल, पण विचारा.

चौथा गिअर:

इंजिनाबद्दल. रिकामी मिनीव्हॅन दोन टनांच्या आसपास. त्यात तुमचे पाचशे किलो घातले की वजन जवळजवळ चौथाईने वाढतं. कागदावरचे 245 आणि 280 यांतला फरक त्यापुढे किरकोळ आहे. बघायचं ते हे, की साठच्या वेगावरून नव्वदला जायला भरलेली गाडी किती वेळ घेते आणि तेव्हा किती ओरडते.

सिएनासारख्या हायब्रिडमध्ये नेहमीचे गिअर नसतात. इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअर सेटने (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्रांच्या संचाने) जोडलेल्या असतात. ॲक्सिलरेटर दाबून ठेवला की इंजिनाचा आवाज एका पट्टीत चढतो आणि तिथेच राहतो. गाडी वेग घेत असते, पण कानाला वाटतं की क्लच घसरतोय. बिघाड नाही तो, पण लांब चढावर काहींच्या डोक्यात जातो. व्ही-सिक्सचा आवाज गोड, पण शहरात थांबत-थांबत चालताना पेट्रोल पिते. तिथे हायब्रिडला तोड नाही, कारण ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते. लांब उतारावर मात्र बॅटरी भरली की ही सोय संपते. मग गाडी इंजिनाच्या ब्रेकिंगवर कशी येते, ते उतारावरच बघावं लागतं.

माझं मत विचाराल तर हायब्रिड. पण सासरे मागे बसणार असतील तर त्यांना बसवूनच आवाज ऐका. आवाजाचा निकाल पुढच्या सीटवर लावू नका.

निवांत:

चौथा गिअर यांना +1. एसयूव्हीवाल्यांना एकच सांगा: तिसरी रांग उभी असताना मागचं दार उघडून सामान ठेवून दाखवा म्हणावं. खऱ्या मिनीव्हॅनमध्ये तिसरी रांग दुमडून ज्या खड्ड्यात जाते, तो खड्डा रांग उभी असताना डिकी म्हणून हाताशी येतो. सात माणसं असूनही बॅगा उभ्या राहतात. फोटो बघून भुलू नका, स्वतःच्या बॅगा घेऊन जा.

आता कॅप्टन सीट. तुमच्याकडे चाइल्ड सीट आहे म्हणून हा मुद्दा सोपा आहे. मधल्या रांगेत चाइल्ड सीट बांधलेली असली की ती सीट पुढे कलंडवून तिसऱ्या रांगेत जाण्याची वाट बऱ्याच गाड्यांत बंद होते. सलग बाक असेल तर दुसरीकडून चढावं लागतं आणि तिकडे सासूबाई बसलेल्या असतात! सुट्या सीटमध्ये मधली गल्ली मोकळी राहते. घरची चाइल्ड सीट शोरूममध्ये न्या, प्रत्यक्ष बांधा आणि मग मुलीला मागे पाठवून बघा. चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हूक तिसऱ्या रांगेत आहे का, तेही त्याच वेळी कळेल.

सीट काढता येतात का, हा प्रश्नही आधीच विचारा. क्रायस्लर पॅसिफिकाच्या पेट्रोल गाडीत मधली रांग जमिनीत गडप होते, पण प्लग-इन हायब्रिडमध्ये (बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये) त्या जागी बॅटरी असल्यामुळे ती सोय नाही. सिएनात मधल्या सीटमध्येच एअरबॅग असल्याने त्या काढायच्या नसतात, फक्त पुढे सरकतात. तुम्हाला कधी कपाट वाहून न्यायचं नसेल तर सोडून द्या.

ग्रीसबोट:

दाराचं राहिलंच. सरकत्या दाराशी मधली सीट उंबऱ्यापासून थोडी आत असते. त्यामुळे पाठ करून टेकायची तुमच्या आईंची सवय तिथे चालत नाही, आधी पाय वर टाकावाच लागतो. उंबऱ्याची उंची आणि खांबावर धरायला कडी आहे का ते बघा. कडी लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर असेल तर आईंच्या उपयोगाची नाही. सरळ पुढची डावी-उजवी जी काय बाजूची सीट असेल ती आईंना द्या. तिथलं दार बिजागरीचं, सीट साधारण मांडीच्या उंचीवर. तिथे पाठ करून बसता येतं.

मोटरची दारं असतील तर वीज नसताना हाताने किती जोर लागतो ते आत बसून आणि बाहेरून, दोन्हीकडून करून बघा. खालच्या रुळात माती-खडे साचले की दार अडखळतं, तो रूळ पुसत राहिलं तर वर्षानुवर्षं कटकट नाही. आणि बऱ्याच गाड्यांत इंधनाचं झाकण उघडं असलं की त्या बाजूचं दार सरकत नाही, ते बिघडलंय असं समजून माझ्याकडे घेऊन येणारे आहेत.

उंबरठा:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालच आख्खं घर, तीन बॅगा आणि चाइल्ड सीट घेऊन शोरूमला गेलो. तिथल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

स्टिकर वाचलं. वरच्या प्रकारात खरंच 40 किलो कमी निघाले, त्यामुळे काचेचं छत बाद. आई पुढच्या सीटवर पाठ करून बसली आणि लगेच उतरायला तयार होईना. मागची खिडकी यांची मांडीखाली हात घालायची युक्ती सासऱ्यांनी स्वतः करून बघितली आणि जाहीर केलं की मागे सून आणि नात बसेल. म्हणजे मी!

भरलेली गाडी चढावर न्यायची परवानगी उद्याची मिळालीये. एक शेवटचं विचारते. या गाडीत स्टेपनी नाही, फक्त हवा भरायचं किट आहे. सात जणांना घेऊन लांब जाताना एवढ्यावर भागतं का?

ग्रीसबोट:

खिळा गेला तर भागतं. टायरची बाजू फाटली तर नाही, त्या किटमधला चिकट द्रव फक्त तळव्यावरचं छोटं भोक बुजवतो. बारीक स्टेपनी जादा म्हणून मिळते का ते विचारा. मिळत असेल तर कुठे बसणार तेही बघून घ्या, कारण तीच जागा बॅगांची असते.