सहा महिन्यांनंतरही बाळ दूध काढतंय, तुमचे अनुभव लिहा ना

लेक साडेसात महिन्यांचा. बसायला लागला की गुळण्या थांबतील म्हणत होते सगळे, कसलं काय, आता रांगतो आणि घरभर ठिपके सोडत जातो. वजन छान वाढतंय, ओकला की त्यातच हात फिरवून खिदळतो, टीशर्ट मात्र मी दिवसाला चार बदलते. डॉक्टर म्हणाले रिफ्लक्स आहे, म्हणजे पोटातलं दूध परत वर येतं, जाईल. पण कधी?? ज्यांच्याकडे हे लांबलं त्यांनी लिहा प्लीज.

*

आमची कन्या चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त काढायची, मग जरा कमी झालं आणि रांगायला लागल्यावर पुन्हा सुरू. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं की अन्ननलिका पोटाला मिळते तिथली झडप अजून कच्ची असते, पोट दाबलं गेलं की दूध वर येतं, मग ते रांगताना असो नाहीतर घट्ट नॅपीने. आम्ही नॅपी सैल बांधायला लागलो, एका वेळी कमी पाजायचं पण जास्त वेळा. मला कायम वाटायचं की प्यायलेलं सगळंच बाहेर पडतंय, तर नणंदेने एक दिवस कोरड्या दुपट्यावर चमचाभर पाणी ओतून दाखवलं, केवढा डाग पसरला! वर्षानंतर हळूहळू थांबलं, नेमकं कधी ते आठवतही नाही.

*

बाबा लिहितोय. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरायचं, ही ड्यूटी माझी. कार सीटमध्ये बसवलं की उलट जास्त काढायचा, पोटाची घडी होते ना. गादीखाली उशी सरकवून डोकं उंच केलं होतं ते डॉक्टरांनी ताबडतोब काढायला लावलं, बाळ घसरून मान दुमडली तर श्वास अडकू शकतो. सपाट गादी आणि पाठीवर, एवढंच.

*

आमचं प्रकरण वेगळं निघालं. प्यायला घेतलं की पाठ ताणून रडायचा, वजन अडलेलं, शीमध्ये रक्ताचे धागे. अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं, शून्य फरक. शेवटी दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी! तो अंगावर पीत होता म्हणून दुधाचं सगळं मलाच बंद करायला सांगितलं, दोनेक आठवड्यांत बाळ बदललं, मग खात्रीसाठी परत सुरू करून बघितलं तर पुन्हा तेच. पण आपल्या मनाने हे करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

*

घाबरवायचं नाहीये पण लिहिते. नऊ महिन्यांची असताना अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, मग एकदम मलूल, परत किंचाळायची. आधीपासून ओकायची सवय, म्हणून रिफ्लक्सच असेल समजून मी थांबले, माझी चूक. मग हिरवी उलटी झाली आणि पळालो. आतड्यात आतडं शिरलं होतं, हवेच्या दाबाने सोडवलं, ऑपरेशन टळलं. हिरवी उलटी, रक्त, सुस्ती, सुसू कमी होणं, यातलं काही दिसलं तर इथे विचारत बसू नका.

*

धागाकर्ती. हुश्श, आमच्याकडे यातलं काही नाही. दुपट्यावर पाणी ओतून बघितलं, खरंच तेवढाच मोठा डाग! नवऱ्याला दाखवायला म्हणून ते तसंच ठेवलं तर साहेब रांगत आले आणि बरोब्बर त्याच्यावरच ओकले.